दुहेरी वारंवारता सारणीतून संयुक्त आणि सशर्त संभाव्यता कशी काढायची

दुहेरी वारंवारता सारणीवरच्या प्रश्नात आकडेमोड म्हणाल तर एका भागाकाराची. तरी उत्तरं चुकतात, आणि चुकतात ती बहुतेक वेळा छेदात. अंश सारणीतल्या एखाद्या घरात समोर दिसतच असतो. त्याला कशाने भागायचं, हे मात्र प्रश्नाच्या वाक्यात दडलेलं असतं. म्हणून इथे सगळा भर छेद ओळखण्यावर आहे. अपूर्णांक आणि टक्केवारी येत असेल तर पुढचं सगळं जमेल.

हाताशी घ्यायची सारणी

टायटॅनिक जहाज १५ एप्रिल १९१२ च्या पहाटे बुडालं. त्यानंतर ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडने केलेल्या चौकशीतून २,२०१ माणसांची नोंद तयार झाली. संख्याशास्त्र शिकवताना ती जगभर वापरतात. इतर याद्यांमध्ये आकडे थोडे वेगळे सापडतील. आपण हीच धरून चालू.

| वर्ग | वाचले | दगावले | एकूण |
|---|---|---|---|
| पहिला | २०३ | १२२ | ३२५ |
| दुसरा | ११८ | १६७ | २८५ |
| तिसरा | १७८ | ५२८ | ७०६ |
| कर्मचारी | २१२ | ६७३ | ८८५ |
| एकूण | ७११ | १,४९० | २,२०१ |

प्रत्येक माणसाबद्दल इथे दोन गोष्टी नोंदल्या आहेत: तो कोणत्या वर्गातला आणि त्याचं पुढे काय झालं. म्हणून सारणी ‘दुहेरी’. घरातला आकडा, म्हणजे तिथे किती माणसं आहेत, ती ‘वारंवारता’. संगणकावरच्या पॅकेजांत हिलाच ‘कंटिन्जन्सी टेबल’ म्हणतात. ते नाव संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या १९०४ च्या लेखापासून चालत आलं आहे.

सारणीचे तीन भाग वेगवेगळे ओळखा. आतली आठ घरं: प्रत्येकात दोन्ही अटी एकदम पूर्ण करणारी माणसं. कडेच्या बेरजा: उजवीकडे ओळींच्या, खाली स्तंभांच्या, यांत एकच अट पाहिलेली असते. आणि कोपऱ्यातली एकूण बेरीज: सगळी माणसं, अट कोणतीच नाही. छेद म्हणून येणारी संख्या बहुतेक वेळा कडेवर किंवा कोपऱ्यात सापडते, आतल्या घरात जवळजवळ कधीच नाही. छेदात १२२ किंवा २०३ आला असेल, तर तिथेच थांबा आणि प्रश्न पुन्हा वाचा.

इथे ‘संभाव्यता’ म्हणजे काय, तेही आधीच ठरवून घेऊ. या २,२०१ नावांच्या यादीतून न बघता एक नाव उचललं, प्रत्येक नावाला सारखीच संधी असेल, तर ते अमुक प्रकारचं निघण्याची शक्यता. पुढच्या एखाद्या जहाजाबद्दल ही सारणी आपोआप काही सांगत नाही.

पायरी १: बेरजा जुळवून पाहा

हे अर्ध्या मिनिटाचं काम आहे, ते टाळू नका. ३२५ + २८५ + ७०६ + ८८५ = २,२०१. तसंच ७११ + १,४९० = २,२०१. दोन्ही वाटांनी कोपऱ्यातला आकडा तोच आला पाहिजे. नाही आला तर एखादं घर चुकीचं उतरवलं गेलं आहे, किंवा कोणी तरी दोनदा मोजलं गेलं आहे.

दोनदा मोजण्याचा प्रकार सर्वेक्षणांत हमखास होतो. ‘लागू असतील ते सगळे पर्याय निवडा’ अशा प्रश्नाची उत्तरं सारणीत भरली, की एकच माणूस दोन-तीन स्तंभांत जाऊन बसतो आणि ओळीची बेरीज माणसांच्या संख्येपेक्षा मोठी निघते. अशा सारणीवर खालचे नियम चालत नाहीत. प्रत्येक माणूस एका आणि एकाच घरात असला पाहिजे.

परीक्षेत काही घरं रिकामी ठेवून सारणी देतात. ज्या ओळीत किंवा स्तंभात एकच जागा रिकामी आहे तिथून सुरुवात करा, वजाबाकी करा, मग पुढची जागा आपोआप मोकळी होते. सगळ्या बेरजा दिल्या असतील तर दोन ओळी–दोन स्तंभांच्या सारणीत आतलं एकच घर पुरतं. आपल्या चार ओळी–दोन स्तंभांच्या सारणीत एकाच स्तंभातली तीन घरं कळली की उरलेली पाच काढता येतात.

पायरी २: संयुक्त संभाव्यता

प्रश्न: उचललेली व्यक्ती पहिल्या वर्गातली आणि वाचलेली असण्याची संभाव्यता किती?

दोन्ही गोष्टी एकदम हव्यात, आणि उचलताना यादी पूर्ण समोर आहे. घरातला आकडा घ्या, कोपऱ्यातल्या आकड्याने भागा.

सं(पहिला आणि वाचले) = २०३ ÷ २,२०१ = ०.०९२

पाठ्यपुस्तकांत ‘सं’च्या जागी इंग्रजी ‘पी’ असतो, अर्थ तोच. ‘आणि’च्या दोन बाजू उलटसुलट केल्या तरी संयुक्त संभाव्यता बदलत नाही. पहिल्या वर्गातले आणि वाचलेले, किंवा वाचलेले आणि पहिल्या वर्गातले, माणसं तीच २०३.

आठही घरं २,२०१ ने भागली तर आठ संयुक्त संभाव्यता मिळतात आणि त्यांची बेरीज १ येते. वाचलेल्यांच्या स्तंभापुरतं पाहिलं तर ०.०९२ + ०.०५४ + ०.०८१ + ०.०९६ = ०.३२३. ही वाचण्याची साधी संभाव्यता झाली, ७११ ÷ २,२०१. तिला सीमांत संभाव्यता म्हणतात, कारण तिचा अंश सारणीच्या कडेवर असतो. तिच्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं काही नाही.

पायरी ३: सशर्त संभाव्यता

प्रश्न: व्यक्ती पहिल्या वर्गातली आहे हे माहीत असेल, तर ती वाचलेली असण्याची संभाव्यता किती?

आता यादी पूर्ण राहिली नाही. पहिला वर्ग सोडून बाकीच्या १,८७६ माणसांचा प्रश्नाशी संबंधच उरला नाही. कागदावर करत असाल तर खरोखर हाताने बाकीच्या ओळी झाका, ‘एकूण’ची ओळसुद्धा. उरते ती एकच ओळ: २०३, १२२, ३२५. या ओळीपुरतं जग ३२५ माणसांचं आहे.

सं(वाचले | पहिला) = २०३ ÷ ३२५ = ०.६२५

मधली उभी रेघ ‘हे माहीत असताना’ असं सांगते. रेघेच्या उजवीकडे अट, डावीकडे विचारलेली गोष्ट. छेद नेहमी उजवीकडच्या अटीची बेरीज.

आता अट आणि विचारणा यांची अदलाबदल करा. व्यक्ती वाचलेली आहे हे माहीत असेल, तर ती पहिल्या वर्गातली असण्याची संभाव्यता किती? या वेळी बाकीचे स्तंभ झाकले जातात, उरतो ‘वाचले’चा स्तंभ.

सं(पहिला | वाचले) = २०३ ÷ ७११ = ०.२८६

तिन्ही उत्तरं शेजारी ठेवून पाहा: ०.०९२, ०.६२५, ०.२८६. तिन्हींचा अंश २०३ च. बदलला तो फक्त छेद: कोपरा, ओळीची बेरीज, स्तंभाची बेरीज.

सशर्त उत्तर त्याच घराच्या संयुक्त उत्तरापेक्षा लहान कधीच येत नाही, कारण छेद कमी तरी होतो किंवा तेवढाच राहतो. लहान आलं, तर कुठे तरी गफलत आहे.

पायरी ४: प्रश्नातून छेद हुडकणं

खरी मेहनत इथे आहे. प्रश्नात ‘पैकी’ असेल तर नशीब चांगलं: ‘पैकी’च्या आधी ज्यांचं नाव, त्यांची बेरीज छेदात. ‘वाचलेल्यांपैकी किती जण तिसऱ्या वर्गातले?’ छेद ७११. ‘तिसऱ्या वर्गातल्यांपैकी किती वाचले?’ छेद ७०६. ‘एकूण माणसांपैकी किती जण तिसऱ्या वर्गातले आणि वाचलेले?’ छेद २,२०१. अंश तिन्ही वेळा १७८.

‘असेल तर’, ‘माहीत असताना’, ‘दिलेले आहे की’ ही शब्दयोजनाही अट उघड सांगते. अडचण होते ती अट विशेषणात लपते तेव्हा. ‘कर्मचारी वाचण्याची संभाव्यता किती?’ यात पैकी नाही, तर नाही, तरी कर्मचारी असणं ही अट आहे, छेद ८८५. ‘दगावलेली व्यक्ती दुसऱ्या वर्गातली असण्याची संभाव्यता?’ इथे दगावणं ही अट; छेद १,४९०, अंश १६७, उत्तर ०.११२. असं वाक्य आलं की स्वतःच ते ‘पैकी’ वापरून पुन्हा लिहा. पैकीच्या आधी काय घालावं याबद्दल मन डळमळत असेल, तर स्वतःला विचारा: निवड करण्याआधी आपल्याला काय माहीत आहे? जे माहीत आहे ती अट, जे माहीत नाही ती विचारणा.

मोघम वाक्यंही भेटतात. ‘पहिल्या वर्गातले वाचलेले प्रवासी किती टक्के?’ याचे तीन अर्थ होतात आणि तिन्ही सारखेच बरोबर वाटतात. बातमीत किंवा अहवालात असं वाक्य दिसलं तर टक्केवारीवर विश्वास ठेवण्याआधी ‘कशाचे टक्के’ ते शोधा. स्वतः लिहिताना तर असं वाक्य ठेवूच नका.

अदलाबदल केली तर काय बिघडतं

दोन सशर्त संभाव्यता एकच समजणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तिचं स्वरूप कर्मचाऱ्यांच्या ओळीत नीट दिसतं. दोन्ही बाजूंच्या टक्केवाऱ्या काढू.

| वर्ग | त्या वर्गातल्यांपैकी वाचले | वाचलेल्यांपैकी त्या वर्गातले |
|---|---|---|
| पहिला | ६२.५% | २८.६% |
| दुसरा | ४१.४% | १६.६% |
| तिसरा | २५.२% | २५.०% |
| कर्मचारी | २४.०% | २९.८% |

वाचलेल्यांत सर्वात मोठा गट कर्मचाऱ्यांचा, जवळजवळ ३० टक्के. एवढंच वाचून कोणी म्हणेल की कर्मचाऱ्यांनी आधी स्वतःचा जीव वाचवला. पण पहिला स्तंभ पाहा: वाचण्याचं प्रमाण सर्वात कमी त्यांचंच. वाचलेल्यांत ते जास्त दिसतात कारण मुळात जहाजावर ते जास्त होते, ८८५. गट मोठा असला की त्याचा वाटा सगळीकडे मोठा दिसतो. गटागटांत तुलना करायची असेल तर प्रत्येक गटाच्या स्वतःच्या बेरजेने भागलं पाहिजे.

तिसऱ्या वर्गात २५.२ आणि २५.० जवळपास सारखे आले आहेत, त्याने फसू नका. ७०६ आणि ७११ हे दोन छेद जवळजवळ आले, एवढाच तो योगायोग.

‘किंवा’ आणि एकत्र केलेल्या ओळी

पहिल्या वर्गातली किंवा वाचलेली व्यक्ती: ३२५ + ७११ केलं तर २०३ माणसं दोनदा मोजली जातात, म्हणून ती एकदा वजा करा. ३२५ + ७११ − २०३ = ८३३, आणि ८३३ ÷ २,२०१ = ०.३७८. सूत्र आठवत नसेल तर घरं मोजा: वाचलेले सगळे ७११, शिवाय पहिल्या वर्गातले दगावलेले १२२. तेच ८३३.

कधी अट दोन-तीन ओळींची मिळून बनते. व्यक्ती प्रवासी असेल, म्हणजे कर्मचारी नसेल, तर वाचण्याची संभाव्यता किती? इथे तीन वर्गांच्या संभाव्यतांची सरासरी काढण्याचा मोह होतो: ०.६२५, ०.४१४ आणि ०.२५२ यांची सरासरी ०.४३०. हे चूक आहे. वर्ग सारख्या आकाराचे नाहीत, तिसरा वर्ग एकटाच बाकी दोघांच्या बेरजेपेक्षा मोठा आहे. आधी माणसं एकत्र करा, भागाकार शेवटी. वाचलेले प्रवासी २०३ + ११८ + १७८ = ४९९, एकूण प्रवासी १,३१६, उत्तर ०.३७९. सशर्त संभाव्यतांची थेट बेरीज किंवा सरासरी करू नये, हा नियम छेद वेगळे असले की नेहमी लागू.

एकाऐवजी दोन नावं उचलायची असतील आणि पहिलं परत ठेवायचं नसेल, तर दुसऱ्या वेळी अंश आणि छेद दोन्ही एकाने कमी करा. पहिल्या वर्गातून दोघं उचलली आणि दोघंही वाचलेली निघण्याची संभाव्यता (२०३ ÷ ३२५) × (२०२ ÷ ३२४) = ०.३८९.

गुणाकाराचा नियम कुठे लागतो

सं(वाचले | पहिला) = सं(पहिला आणि वाचले) ÷ सं(पहिला)

०.०९२२ ÷ ०.१४७७ = ०.६२४. थेट काढलेलं उत्तर ०.६२५ होतं, हा हजारांशाचा फरक मधल्या पायरीत आकडे छाटल्यामुळे आला. वारंवारता समोर असताना या सूत्राची गरज नसते, कारण २,२०१ वर-खाली कटून जातात आणि उरतं २०३ ÷ ३२५. समोर मूळ आकडे असताना आधी दशांश काढून मग भागाकार करणं म्हणजे उगीच दोनदा काम आणि वर चूक ओढवून घेणं. अपूर्णांक शेवटपर्यंत अपूर्णांकच ठेवा.

वारंवारता नसून फक्त टक्केवाऱ्या दिलेल्या असतात तेव्हा सूत्र कामाला येतं. टक्केवारीची सारणी हाती आली की प्रथम १०० कुठे होतात ते पाहा. प्रत्येक ओळीची बेरीज १०० येत असेल तर ओळीची अट घातलेली आहे. प्रत्येक स्तंभाची १०० येत असेल तर स्तंभाची. सगळ्या घरांची मिळून १०० येत असेल तर त्या संयुक्त संभाव्यता आहेत. दशांश छाटल्यामुळे ९९.९ किंवा १००.१ आलं तर घाबरायचं कारण नाही. ओळीच्या टक्केवारीवरून संयुक्त संभाव्यता काढायला त्या ओळीचा एकूणातला वाटा माहीत असावा लागतो. वरचं सूत्र उलटं मांडलं की संयुक्त = सशर्त × तो वाटा, हाच गुणाकाराचा नियम. तिसऱ्या वर्गात: ०.२५२१ × ०.३२०८ = ०.०८०९. तो वाटा दिलेलाच नसेल तर उत्तर निघत नाही. अशा वेळी ओढूनताणून काढू नका, ‘माहिती अपुरी’ हेच उत्तर.

घटना स्वतंत्र आहेत का

वर्ग माहीत झाल्याने वाचण्याची संभाव्यता बदलते का, एवढाच हा प्रश्न. वाचण्याची साधी संभाव्यता ०.३२३, पहिला वर्ग माहीत झाल्यावर ०.६२५. बदलली, म्हणजे घटना स्वतंत्र नाहीत. उत्तर झालं.

दुसरी पद्धत जास्त बोलकी आहे. वर्गाचा काहीच संबंध नसता तर पहिल्या वर्गातले किती वाचले असते? ओळीची बेरीज × स्तंभाची बेरीज ÷ एकूण: ३२५ × ७११ ÷ २,२०१ = सुमारे १०५. प्रत्यक्षात २०३. पुढे काय-वर्ग कसोटी (फरक खरा की योगायोगाचा, ते ठरवण्याची पद्धत) शिकाल तेव्हा ही ‘अपेक्षित वारंवारता’ पुन्हा भेटेल.

खऱ्या माहितीत दोन्ही आकडे तंतोतंत जुळणं दुर्मीळ. सारणी नमुन्यावरून केलेली असेल तर किरकोळ फरक योगायोगानेही पडतो आणि तिथे कसोटी लावावी लागते. पाठ्यपुस्तकातल्या गणितात मात्र ‘स्वतंत्र’ म्हणजे अगदी समान, जवळपास नव्हे. स्वतंत्र आणि परस्पर अपवर्जक यांचीही गल्लत होते. ‘वाचले’ आणि ‘दगावले’ परस्पर अपवर्जक आहेत, एक असेल तर दुसरं अशक्य. म्हणजे ते स्वतंत्र असण्याच्या अगदी उलट टोकाला आहेत.

तिसरी गोष्ट सारणीबाहेर राहिली तर

तिसरा वर्ग २५.२%, कर्मचारी २४.०%. तिसऱ्या वर्गाची स्थिती किंचित बरी, असं वरची सारणी म्हणते. आता तीच माणसं स्त्री-पुरुष वेगळी करून पाहा.

| गट | पुरुषांपैकी वाचले | स्त्रियांपैकी वाचल्या |
|---|---|---|
| तिसरा वर्ग | ५१० पैकी ८८ (१७.३%) | १९६ पैकी ९० (४५.९%) |
| कर्मचारी | ८६२ पैकी १९२ (२२.३%) | २३ पैकी २० (८७.०%) |

पुरुषांत कर्मचारी पुढे, स्त्रियांतही कर्मचारी पुढे. दोघांना एकत्र केलं की कर्मचारी मागे. आकडे तपासून पाहा, बेरीज बरोबर आहे: ८८ + ९० = १७८ आणि १९२ + २० = २१२.

हे घडतं कारण दोन्ही गटांत स्त्रियांचं प्रमाण फार वेगळं आहे. तिसऱ्या वर्गात २७.८ टक्के स्त्रिया, कर्मचाऱ्यांत जेमतेम २.६ टक्के. आणि त्या रात्री बोटींत स्त्रियांना आधी जागा मिळाली. कर्मचाऱ्यांची एकत्रित संभाव्यता म्हणजे जवळजवळ निव्वळ पुरुषांची संभाव्यता. तिसऱ्या वर्गाच्या आकड्याला स्त्रियांनी वर उचललं. एडवर्ड सिम्पसन यांच्या १९५१ च्या लेखावरून याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. सशर्त संभाव्यता ‘कारण’ सांगते असं मानणाऱ्याने ही चार घरं भिंतीवर लावावीत.

याच सारणीत आणखी एक सावधगिरी: ८७.० टक्के हा आकडा फक्त २३ स्त्रियांवर उभा आहे. एक जण इकडची तिकडे झाली असती तर टक्केवारी चारहून जास्त अंकांनी हलली असती. छेद लहान असेल तर टक्क्यांसोबत मूळ संख्या लिहाच.

संगणकावर करताना

कच्च्या यादीत प्रत्येक ओळीवर एक माणूस असेल तर स्प्रेडशीटमधलं पिव्होट टेबल क्षणात सारणी करून देतं. एक गोष्ट (उदाहरणार्थ वर्ग) ‘रोज’मध्ये, म्हणजे ओळींत, दुसरी ‘कॉलम्स’मध्ये, म्हणजे स्तंभांत, आणि ‘व्हॅल्यूज’मध्ये एकही जागा रिकामी नसलेला रकाना, उदाहरणार्थ अनुक्रमांक. एक्सेल अंकांच्या रकान्याची आपणहून बेरीज करतं, मोजणी नाही. तेव्हा ‘सम’ बदलून ‘काउंट’ करायला विसरू नका. अनुक्रमांकांची बेरीज करून आलेली सारणी दिसायला अगदी खरी दिसते.

मग ‘शो व्हॅल्यूज ॲज’मध्ये तीन पर्याय असतात. ‘ग्रँड टोटल’चे टक्के म्हणजे संयुक्त संभाव्यता, ‘रो टोटल’चे म्हणजे ओळीच्या अटीची सशर्त, ‘कॉलम टोटल’चे म्हणजे स्तंभाच्या अटीची सशर्त. बटण दाबण्याआधी छेद कोणता हवा ते ठरलेलं असावं.

रिकाम्या नोंदी वेगळ्या मोजा. उत्तर न दिलेली माणसं छेदात धरायची की नाही हा निर्णय तुमचा, पण एका प्रश्नात धरली आणि दुसऱ्यात सोडली असं होऊ देऊ नका. देवनागरीत भरलेल्या माहितीत आणखी एक खोड असते: ‘ॲ’ आणि ‘अॅ’ डोळ्यांना सारखे दिसतात, संगणकाला वेगळे. शब्दामागे राहिलेली एखादी मोकळी जागाही तोच घोळ करते. एकाच नावाच्या दोन ओळी दिसल्या की समजा, गडबड इथे आहे.

उलटा प्रवास: संभाव्यतांवरून सारणी

सशर्त संभाव्यता दिल्या आहेत आणि उलट दिशेची हवी आहे, अशा प्रश्नाला बेजचं सूत्र लावतात. सूत्राऐवजी सारणी बांधली तर चुका कमी होतात. समजा एखादा आजार १% लोकांना आहे. आजारी माणसाची चाचणी ९०% वेळा होकारार्थी येते. निरोगी माणसाचीही ५% वेळा चुकून होकारार्थी येते. चाचणी होकारार्थी आली, तर आजार असण्याची संभाव्यता किती?

माणसं १०,००० धरा. १०० धरली तर निरोगी-होकारार्थीच्या घरात ४.९५ माणसं येतील; मोठी गोल संख्या घेतली की घरं पूर्णांकात राहतात. आजारी १००, त्यांतले होकारार्थी ९०, नकारार्थी १०. निरोगी ९,९००, त्यांतले होकारार्थी ४९५, नकारार्थी ९,४०५. होकारार्थी स्तंभाची बेरीज ५८५. उत्तर ९० ÷ ५८५ = ०.१५४. इथे ९०% हे उत्तर देणाऱ्याने छेदात १०० घेतलेले असतात, आणि प्रश्न तर ५८५ जणांबद्दल आहे.

सरावासाठी

टायटॅनिकचीच माणसं, या वेळी फक्त स्त्री-पुरुष.

| | वाचले | दगावले | एकूण |
|---|---|---|---|
| स्त्रिया | ३४४ | १२६ | ४७० |
| पुरुष | ३६७ | १,३६४ | १,७३१ |
| एकूण | ७११ | १,४९० | २,२०१ |

१. व्यक्ती स्त्री आणि वाचलेली असण्याची संभाव्यता?
२. स्त्री वाचण्याची संभाव्यता?
३. वाचलेली व्यक्ती स्त्री असण्याची संभाव्यता?
४. व्यक्ती पुरुष किंवा दगावलेली असण्याची संभाव्यता?
५. स्त्री असणं आणि वाचणं या घटना स्वतंत्र असत्या तर किती स्त्रिया वाचल्या असत्या?

उत्तरं: १) ३४४ ÷ २,२०१ = ०.१५६. २) छेद ४७०, उत्तर ०.७३२. ३) छेद ७११, उत्तर ०.४८४, म्हणजे वाचलेल्यांत स्त्रिया निम्म्याहून कमीच. ४) १,७३१ + १२६ = १,८५७, उत्तर ०.८४४. हाच प्रश्न उलटा धरला तर सोपा जातो: या अटीत न बसणारं एकच घर आहे, वाचलेल्या स्त्रिया, म्हणून १ − ०.१५६. ५) ४७० × ७११ ÷ २,२०१ = सुमारे १५२; प्रत्यक्षात ३४४.